अंतऱ्यातलं रिकामं आवर्तन

आमच्या घरात सुरात नसलेला माणूस एकच, आणि तोच हे लिहितो आहे. माझे बाबा गावच्या संगीत नाटकाला पायपेटी वाजवतात. ऐंशी ओलांडली तरी वाजवतात. मुलगी पणजीला जाऊन गाणं शिकते. बायको कुळथाची पिठी ढवळताना नाट्यपदं गुणगुणते आणि ती पिठीपेक्षा बरी असतात. मला मात्र शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी सांगितलं होतं, ‘तू नुसते ओठ हलव.’ तेव्हा पुढे जी चालीची भानगड सांगणार आहे, ती चाल न कळणाऱ्या माणसाने सांगितलेली आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

गावच्या नाटकात माझं काम पडदा ओढायचं. शिवाय डिचोलीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून नाटकाच्या प्रतीही मीच काढतो. हल्ली दहा वाजता लाउडस्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे पाच तासांचं नाटक साडेतीन तासांत बसवायचं असतं. कुठली पदं कापायची यावर दरवर्षी भांडणं होतात. एका पदाला मात्र कुणी कात्री लावत नाही. ते पद बुवांचं.

बुवांचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, नुसतं ‘बुवा’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, बुवा म्हणजे आपल्याच नात्यातले कुणीतरी, कामानिमित्त बाहेरगावी असणारे. कारण जेवताना रोज त्यांचा विषय निघायचा. ‘बुवांनी इथं निषाद लावला नसता,’ असं बाबा म्हणायचे आणि आई म्हणायची, ‘बुवांनी एवढं मीठही मागितलं नसतं.’ बुवा म्हणजे संगीत नाटकांना चाली देणारे केवढे मोठे संगीतकार, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यांची चाल ऐकताना माझ्यासारख्यालाही वाटतं की हे आपल्याला म्हणता येईल. दुसऱ्या ओळीला ते वाटणं संपतं. त्यांची पदं रंगभूमीवर गाणाऱ्यांना बाबा गायक म्हणत नाहीत, ‘बुवांची माणसं’ म्हणतात, आणि ती संख्या त्यांच्या मते एका हाताच्या बोटांवर मावते.

तर ते पद. नायिका वाट पाहत असते आणि गाते, एवढंच त्यात घडतं. आमच्या गावात ते एका खास पद्धतीने म्हणतात. अंतऱ्याची दुसरी ओळ अर्धी झाली की गाणारी थांबते, पेटीही थांबते आणि तबला तेवढा सोळा मात्रांचं एक अख्खं आवर्तन एकटा वाजतो. मग वरचा सा लागतो आणि मंडपातले म्हातारे मान हलवतात. हे आमच्याकडे इतकं मुरलंय की स्कूटरवरून पद गुणगुणत जाणारा माणूसही मध्येच सोळा मात्रा गप्प बसतो. पावण्यांना वाटतं, विसरला.

यंदा नायिकेचं काम माझ्या मुलीकडे आलं, आणि तिथून घोटाळा सुरू झाला. एका संध्याकाळी चहाच्या वेळी तिने मोबाइलवर जुनी रेकॉर्ड लावली. त्यात कुणी थांबत नव्हतं. ओळ सरळ वर जात होती.

बाबा म्हणाले, “हे बुवांचं नव्हे.”

“आजोबा, आवाजच बुवांचा आहे.”

“आवाज बुवांचा. चाल नव्हे.”

“असं कसं?”

“तबकडीवर तीन मिनिटांत बसवायचं होतं त्यांना. ती जागा कापली. आम्ही नाही का नाटक कापत?”

हे मला पटलं. मग मुलगी म्हणाली, “तीन मिनिटांत बसवायला कुणी सोळा मात्रा कापत नाही, एक कडवं कापतं.” हेही मला पटलं. माझा हा मोठाच दोष आहे. समोरचा जोरात बोलला की मला पटतं.

बाबांचे गुडघे गेले आहेत. पायपेटीला दोन्ही पायांनी सतत भाता मारावा लागतो, तेव्हा यंदा शेवटचं बसणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. नातीचं पहिलं नाटक आणि आजोबांचं शेवटचं, अशी बातमी गावात झाली होती. आता त्यांनी पुढचं वाक्य जोडलं, “ती थांबणार असेल तर बसणार. बुवांचा शब्द मोडायला मी पेटीवर बसत नाही.”

मुलीची अडचण वेगळी. तिचे पणजीचे मास्तर नाटक बघायला येणार होते. “मी थांबले तर ते म्हणतील, ओळ विसरली.” तिला आजोबा पेटीवर हवे होते आणि मास्तरही रुसायला नको होते.

मी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, “तू मास्तरांचंच म्हण, आजोबांना मी समजावतो.” आणि बाबांना परसात गाठून सांगितलं, “ती थांबेल हो, मी सांगतो तिला.” दोघांचंही समाधान झालं. मला वाटलं, मी फार हुशार आहे.

आमच्याकडे नाटकाच्या आधी देवासमोर गाऱ्हाणं घालून समितीवाले पेटीवाल्याकडे नारळ आणतात. नारळ हातात घेतला म्हणजे पेटीवर बसायचं कबूल. तो परत करता येत नाही आणि नाटक होईपर्यंत फोडताही येत नाही. ते आले तेव्हा बाबा न्हाणीत होते. समितीचे अध्यक्ष घाईत होते, त्यांना साखळीला जायचं होतं. मी म्हटलं, द्या माझ्याकडे.

बाबा डोकं पुसत बाहेर आले तेव्हा नारळ मेजावर होता.

“कोणी घेतला?”

“मी.”

“छान. आता तूच वाजव.”

“बाबा, मी तुमच्या वतीने...”

“नारळ वतीने घेत नाहीत. ज्याने हात लावला तो बसतो. चांगली काळी पट्टी धर.”

बायको आतून म्हणाली, “अहो, निदान भाता मारायला तरी शिका. वजन कमी होईल.”

नंतर माझी दोन्ही आश्वासनं उघडी पडली, कारण एका घरात राहणारी माणसं एकमेकांशी बोलतात ही साधी गोष्ट मी धरलीच नव्हती. मुलगी माझ्याशी बोलेना. बाबा बोलत होते, पण फक्त ‘काय पेटीवाले’ असं. आठ दिवस नारळ मेजावर. तालमी मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर चालल्या. गावातले लोक दुकानात झेरॉक्सला आले की विचारायचे, “म्हातारा बसतो ना?” मी म्हणायचो, बसतो. घरी पाहावं तर म्हातारा पेटीवर उशा वाळत घालून बसलेला.

बायकोनेच वाट काढली. “बाईंना विचारा की.”

बाई म्हणजे बुवांच्या नाटकातल्या गाजलेल्या नायिका, बाबांच्या एका हाताच्या बोटांपैकी पहिलं बोट. आता पेडण्याच्या बाजूला एका गावात भाच्याकडे राहतात. रविवारी मी आणि मुलगी गाडी काढून निघालो. कोलवाळचा पूल येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. पुलावर म्हणाली, “बाई थांब म्हणाल्या तर थांबीन. नाही म्हणाल्या तर आजोबांना तुम्ही सांगायचं.” मी कबूल झालो. कबूल होण्यात मी तरबेज आहे.

बाई सोप्यावर कदेलात, म्हणजे खुर्चीत, बसून चिंचोके काढत होत्या. मी अमुक गावचा, असं सांगितल्याबरोबर त्यांनी सुरी बाजूला ठेवली.

“पेटयेवाल्याचो झील तू?”

“होय, त्यांचाच मुलगा.”

“गातोस?”

“नाही.”

“बरं केलंस. ही?”

“ही गाते. माझी मुलगी.”

त्या नाटकातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलायच्या आणि मध्येच पेडण्याच्या बोलीवर यायच्या. त्यांनी मुलीला पद म्हणायला सांगितलं. तिने एकदा सरळ म्हटलं, एकदा थांबून म्हटलं. बाई डोळे मिटून, चिंचेच्या चिकट बोटांनी मात्रा मोजत होत्या.

“बाई, यातलं बुवांचं कुठलं?” मी विचारलं.

“दोन्ही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, दोन्ही! सरळ होतं ते त्यांनी मला शिकवलं. थांबायचं आहे ते तुमच्या गावात झालं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या आमच्या गावात पहिल्यांदा नायिका म्हणून आल्या, तेव्हा बुवा स्वतः नाटक बघायला आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. पेटीवर माझे बाबा.

“पेटीवर बाबा?” मी म्हणालो. कारण ती हकिगत आम्ही घरात शंभरदा ऐकली होती. बुवा आले, बाई गायल्या, त्या जागेवर थांबल्या. आणि बाबा नेहमी म्हणायचे, ‘मी होतो ना तिथं. अगदी जवळ.’ तेही मी बाईंना सांगितलं.

“जवळ म्हणतो काय?” बाई हसल्या. “पेटीपेक्षा जवळ कोण असतो मरे? अंतऱ्याला मी अर्ध्या ओळीवर आले आणि पेटी गप्प. वळून बघते तर तुझा बाप हात पट्ट्यांवर ठेवून नुसता बसलेला. पायसुद्धा हलत नाही. मीही थांबले, दुसरं करणार काय? तबलेवाला बिचारा चालूच. मी बुवांकडे बघितलं. बुवा मांडीवर ताल धरून होते, चेहऱ्यावर काही नाही, जसं काही असंच ठरलंय. समेला त्यांनी एक बोट वर केलं. मी सा घेतला. मंडप नुसता उठला.”

“पण बाबा का थांबले?”

“ऐकत राहिला! दुसरं काय? पेटीवाला ऐकत राहिला तर वाजवणार कोण?”

मुलगी पुढे सरकली. “मग बुवा काय म्हणाले आजोबांना?”

“त्याला काही नाही म्हणाले. नाटक संपल्यावर सगळे आत आले. तुझा आजोबा कपड्यांच्या पेटाऱ्यामागे उभा, मान खाली. तुमच्यातल्या एकाने बुवांना विचारलं, ही जागा आम्ही पूर्वी ऐकली नव्हती हो. बुवांनी एकदा पेटाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आहे ती अशीच आहे.”

“मग तुम्ही पुढे कसं म्हटलंत?”

“सगळीकडे सरळ. तुमच्या गावात आले की थांबायची. एकदा माणूस बोलला म्हणजे बोलला.”

“म्हणजे चाल कुठली धरायची?” मी पुन्हा विचारलं.

बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि भाच्याला हाक मारली, “यांना थोडी चिंच बांधून दे रे.”

परतताना माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. बाबा आयुष्यभर एका चुकीला बुवांची चाल म्हणत होते. पण ती बुवांनीच त्यांची चाल म्हटली होती. म्हणजे ती चूक नव्हे. पण चाल तरी कशी? आणि आजवर गावातल्या तीन पिढ्या ज्या जागेवर माना हलवत आल्या, तिथे माझे वडील काहीच करत नव्हते, हे मान हलवण्यासारखं होतं की नव्हतं? मुलगी एवढंच म्हणाली, “पप्पा, आजोबांना एक अक्षर बोलायचं नाही.”

“छे, छे.”

बायकोला मी घरी पोचल्यावर दहा मिनिटांत सांगितलं. तिने चिंच बरणीत भरता भरता ऐकलं.

“तर बाबा ऐकत राहिले.”

“हो.”

“चाल ऐकत राहिले, का बाईंना?”

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मग आठवलं, की ते पद सुरू झालं की माझी आई न चुकता मंडपातून उठून चहाच्या टपरीकडे जायची. मी लहानपणी तिच्यामागून जायचो, मला भजी मिळायची. आता ती भजी आठवून मी आणखीनच गोंधळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि बाबा चहात पाव बुडवत असताना मुलगी त्यांच्यासमोर जाऊन बसली.

“आजोबा, मी थांबणार.”

“का? मास्तर?”

“मास्तरांना सांगेन, आमच्या गावात असंच आहे.”

बाबांचा पाव चहात पडला तेही त्यांना कळलं नाही. मग उठले, मेजावरचा नारळ देवघरात नेऊन ठेवला आणि पेटीवरच्या उशा उचलल्या. मला वाटलं, सुटलो. पण ते खूश दिसेनात. सकाळी दार लोटून पेटी वाजवायचे, तीच ओळ, आणि बाहेरून कुणाची चाहूल लागली की बंद करायचे. एकदा जेवताना आमटीचा भुरका मारून म्हणाले, “ही चिंच आपली नव्हे.”

बायको म्हणाली, “बाईंनी दिली.” आणि जीभ चावली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणाली?”

“काही नाही. चिंच घेऊन जा म्हणाल्या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“हं,” म्हणाले आणि आणखी आमटी वाढून घेतली. त्यांना कळलं होतं की नाही ते मला कळलं नाही. आणि मला कळलंय हे त्यांना कळलं की नाही, तेही मला कळलं नाही.

नाटक साडेसहाला सुरू झालं. मास्तर तिसऱ्या रांगेत होते. मी विंगेत दोरी धरून उभा, तिथून पेटी बरोबर समोर दिसते. मुलगी छान गात होती. हे माझं मत नाही, माझ्या शेजारी दाढी लावून उभ्या असलेल्या राजाने तसं सांगितलं. अंतरा आला. दुसरी ओळ अर्धी झाली आणि ती थांबली. म्हाताऱ्यांनी माना तयार ठेवल्या. तबला एकटा चालू राहिला, एक, दोन, तीन, चार.

आणि पेटी वाजू लागली.

बाबा ओळीचा राहिलेला भाग वाजवत होते, एकटे. हळू नाही, घाईनेही नाही. रेकॉर्डवर होतं तसं सरळ, वर चढत. दोन्ही पाय भात्यावर जोरात चालले होते, गुडघ्यांचं काय झालं होतं कुणास ठाऊक. मुलीने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नाटकातलं काही नव्हतं, ती खरोखरच वाट पाहत होती. सोळा मात्रा संपल्या आणि दोघांचा सा एकदम लागला.

मंडपाला काय करावं कळेना. निम्म्या माना हलल्या, निम्म्या तशाच राहिल्या. कुणीतरी टाळी वाजवली आणि एकटाच पडला म्हणून थांबला. मागून आवाज आला, “पेटी चुकली!” दुसरा म्हणाला, “गप रे, नवीन केलंय.” मी इतका बघत राहिलो की अंक संपला तरी पडदा पडला नाही आणि राजाने दाढी सांभाळत माझ्या हातातली दोरी ओढली.

नाटक संपल्यावर मास्तर आत आले आणि मुलीला म्हणाले, “ती पेटीची जागा सुंदर होती. बुवांच्या कुठल्या पाठातली?” ती माझ्याकडे बघू लागली. मी आजोबांकडे बोट दाखवलं. बाबा बाकावर बसून पाय चोळत होते.

मी जवळ गेलो. “बाबा, तिथं वाजवायचं नव्हतं ना?”

“होतं,” ते म्हणाले. “पहिल्यापासून वाजवायचंच होतं.”

मुलगी त्यांच्या पायाशी बसली. ते तिला म्हणाले, “पुढच्या वर्षी थांबू नको हां. सरळ जा.”

“आणि गावातले?”

“गावातल्यांना मी सांगतो.”

आणि ते खरंच उठले. माझ्या खांद्याचा आधार घेऊन समितीच्या अध्यक्षांसमोर उभे राहिले. आजूबाजूला आठदहा जण होते, म्हातारे बहुतेक.

“ऐका,” ते म्हणाले. “ते थांबणं बुवांचं नव्हतं. माझं चुकलं होतं. मी वाजवायचं विसरलो होतो. बुवांनी मला सांभाळून घेतलं.”

अध्यक्ष मोठ्याने हसले.

“काय थट्टा करता! माझ्या बापाने आपल्या कानांनी ऐकलंय. बुवा म्हणाले होते, अशीच आहे म्हणून.”

“म्हणाले होते. पण ते...”

“मग झालं तर! बुवा खोटं बोलतील? यंदा तुम्ही वाजवलंत ते ठीक, म्हातारपणी होतं कधीकधी. कुणी काही म्हणणार नाही.” आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. “पुढच्या वर्षी बाय थांबेल बरोबर. काय गो?”

मुलीने आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नेहमीप्रमाणे कुणाच्या तरी बाजूने बोलायला तोंड उघडलं, पण कुणाच्या ते ठरेना.

बाबा अध्यक्षांकडे बघत राहिले. त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं, ओठांवर आलं होतं असं मला वाटलं. मग मला म्हणाले, “माझ्या चपला बघ रे कुठे आहेत.”

मी चपला शोधायला लागलो. मागे कोणी तरी तेच पद गुणगुणत खुर्च्या आवरत होता. अंतऱ्यावर येऊन तो थांबला, आणि बाबा दाराशी उभे राहून पुढचं ऐकायची वाट बघत राहिले.